एका सेमिस्टरसाठी जर्मनीला: नाव कुठेकुठे नोंदवायचं

माझ्या पहिल्याच परीक्षेला मला हॉलमध्ये बसू दिलं नाही. चार महिन्यांत एकही लेक्चर बुडवलं नव्हतं, प्राध्यापक नावानिशी ओळखत होते, दोन पेनं आणि पाण्याची बाटली घेऊन वेळेच्या आधी पोचलो होतो. पण यादीत नाव नव्हतं. वर्गात बसणं वेगळं आणि परीक्षेसाठी नाव नोंदवणं वेगळं, आणि ती ऑनलाइन नोंदणी कधीच बंद झाली होती, हे मला दारात उभं राहून कळलं. आपल्याकडे अशा वेळी एचओडींकडे धाव घ्यायची, अर्ज लिहायचा, लेट फी भरायची आणि बसायचं. तिथल्या बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, पुढच्या सत्रात या. माझं पुढचं सत्र पुण्यात होतं.

तेव्हापासून कुणी ज्युनियर एक्स्चेंजबद्दल विचारायला आला की मी थंडीच्या जॅकेटपासून सुरुवात करत नाही. 'आनमेल्डुंग' हा एक जर्मन शब्द आधी पाठ करून घेतो. आनमेल्डुंग म्हणजे नोंदणी. घराची, विम्याची, परीक्षेची, सगळ्याची. "सरांना सांगून ठेवलंय" याला तिथे काही किंमत नाही. कुठे, कोणत्या तारखेला लिहिलंय ते दाखवा.

पुढचं सगळं महाराष्ट्रातल्या कॉलेजातून एक सेमिस्टर जर्मनीला, त्यातही नैर्ऋत्येकडच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात जाणाऱ्यांसाठी आहे. मुंबई आणि या राज्याची राजधानी स्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी शहरं, आणि २०१५ पासून महाराष्ट्र आणि या राज्याची अधिकृत भागीदारीही आहे. मी तिथेच राहिलो, म्हणून तिथलंच सांगतो.

आधी हे ठरवा: तुम्ही नक्की कोण म्हणून जाताय?

"जर्मनीला शिकायला चाललोय" या वाक्यात तीन वेगळी माणसं लपलेली असतात. एक जण तिथली पूर्ण पदवी घ्यायला जातो. दुसरा दोन-चार आठवड्यांच्या समर स्कूलला जातो. तिसरा एक्स्चेंजवाला: त्याचा प्रवेश आपल्याच कॉलेजात कायम राहतो, फी इथेच भरतो, आणि दोन विद्यापीठांमधल्या करारामुळे तिथे एक सेमिस्टर शिकतो. हा लेख तिसऱ्यासाठी आहे.

हा फरक पैशांत मोजता येतो. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७-१८ च्या हिवाळी सत्रापासून दर सत्राला १,५०० युरो शिक्षणशुल्क आहे. करारातून आलेल्या एक्स्चेंज विद्यार्थ्याला ते माफ असतं. छोटासा 'सेमिस्टर बायट्राग', म्हणजे विद्यार्थी-सेवांसाठीची वर्गणी, मात्र बहुतेक ठिकाणी भरावी लागते. तेव्हा पहिलं काम: आपल्या कॉलेजच्या इंटरनॅशनल रिलेशन्स सेलमध्ये जाऊन करार आजही चालू आहे का आणि तो तुमच्या शाखेला लागू आहे का, ते विचारा. भिंतीवरच्या फोटोत हस्तांदोलन करणारे पाहुणे असतात, कराराची मुदत नसते.

पात्रता: गुणांपेक्षा एटीकेटी आडवी येते

निवड दोनदा होते, आणि इथेच नवख्यांचा गोंधळ उडतो. आधी आपलं कॉलेज तुमचं नाव पुढे पाठवतं. याला नॉमिनेशन म्हणतात. ते स्वीकारलं गेल्यावर तिथलं विद्यापीठ तुम्हाला स्वतंत्र अर्ज भरायला सांगतं. नॉमिनेशन म्हणजे प्रवेश नव्हे. पहिली ईमेल आल्यावर पेढे वाटून दुसऱ्या अर्जाची तारीख चुकवणारा मुलगा मी पाहिलाय.

कॉलेजं साधारण काय बघतात? पदवीची किमान दोन सत्रं पूर्ण झालेली असावीत. सीजीपीए त्यांनी ठरवलेल्या रेषेच्या वर असावा. एकही विषय राहिलेला नसावा. शिस्तभंगाची नोंद नसावी. विभागाची एनओसी असावी. यातल्या एटीकेटीवर घासाघीस होत नाही. सीजीपीए थोडा कमी असेल तर मोटिव्हेशन लेटर आणि मुलाखत सांभाळून नेतात, पण एक विषय बाकी असेल तर फाइल पुढे सरकतच नाही. कारण साधं आहे: तुम्ही तिकडे असताना इकडे त्या विषयाची परीक्षा आली तर ती कोण देणार?

गुणांचं रूपांतर स्वतः करून बघा, म्हणजे धक्का बसणार नाही. जर्मनीत १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास आणि ५.० नापास. उलटी गंगा. बरीच विद्यापीठं सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात: कमाल गुणांमधून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल आणि किमान-पास यांच्यातल्या फरकानं भागा, तीननं गुणा आणि एक मिळवा. दहाच्या मोजपट्टीवर पास चारला असेल आणि तुमचा सीजीपीए ८ असेल, तर दोन भागिले सहा, गुणिले तीन, अधिक एक. आला २.०. तिकडे हा चांगला दर्जा समजला जातो, तेव्हा घरी सांगताना "दोन आले" एवढ्यावर थांबू नका.

भाषेचं म्हणाल तर इंग्रजीत शिकवले जाणारे विषय घेणार असाल तर इंग्रजीचं प्रमाणपत्र, जर्मनमधून शिकणार असाल तर बहुतेक ठिकाणी जर्मनची बी-१ ते बी-२ पातळी (ए-१ सर्वांत खालची). पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पिढ्यानपिढ्या लोक जर्मन शिकत आलेत. अट नसली तरी ए-१, ए-२ करूनच जा. विद्यापीठात इंग्रजी चालून जाईल. खिडकीपलीकडच्या सरकारी कारकुनाशी ते चालेलच असं नाही.

कॅलेंडर: खरी गाठ इथे आहे

जर्मनीचं हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च, उन्हाळी १ एप्रिल ते ३० सप्टेंबर. प्रत्यक्ष लेक्चर हिवाळ्यात ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात आणि नंतर परीक्षा. आता आपलं मांडा: जुलै-ऑगस्ट ते नोव्हेंबर-डिसेंबर एक सत्र, जानेवारी ते मे दुसरं. म्हणजे हिवाळी सत्राला गेलात तर आपलं जुलैचं सत्र अर्धवट सोडून जाल आणि परत याल तेव्हा जानेवारीचं सत्र निम्मं उरकलेलं असेल. उन्हाळ्याला गेलात तर परीक्षा जुलै-ऑगस्टपर्यंत लांबतात, आणि इंजिनिअरिंगवाल्यांची प्लेसमेंट नेमकी तेव्हाच सुरू होते.

यावर मला दिसलेले मार्ग तीन. शेवटचं सत्र प्रोजेक्टचं असेल तर ते उन्हाळी सत्रात तिकडे करायचं, कारण प्रोजेक्टच्या तारखा विषयांच्या तारखांपेक्षा लवचिक असतात. किंवा पूर्ण वर्षासाठी जायचं. पैसे जास्त लागतात, पण दोन्ही सत्रं नीट बसतात. किंवा हिवाळ्याला जाऊन इथली हजेरी आणि अंतर्गत गुण यांबद्दल विभागाकडून आधीच लेखी पत्र घ्यायचं. "बघू आपण" हे पत्र नव्हे. माझ्या बरोबरच्या एका मुलीला असंच "बघू" मिळालं होतं; ती मार्चमध्ये परत आली तेव्हा विभागप्रमुख बदलले होते.

याच टप्प्यावर 'लर्निंग ॲग्रीमेंट' करायचं. तुम्ही तिथे कोणते विषय घेणार आणि त्याबदल्यात इथले कोणते विषय झाले असं धरणार, याचा हा तक्ता. खाली तीन सह्या: तुमची, आपल्या कॉलेजची, त्यांच्या विद्यापीठाची. युरोपात क्रेडिट ईसीटीएसमध्ये मोजतात. पूर्ण सत्राचे ३० धरतात, आणि एक ईसीटीएस म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, लेक्चर आणि घरचा अभ्यास धरून. विषयाचं नुसतं नाव जुळून भागत नाही. आपल्या समितीला अभ्यासक्रम दाखवावा लागतो, म्हणून प्रत्येक विषयाचं मोड्यूल वर्णन डाउनलोड करून जोडा. तिथे गेल्यावर विषय बदलावा लागला, आणि बहुतेकांना लागतोच, तर नवा तक्ता करून पुन्हा तिन्ही सह्या घ्या. लगेच. परत आल्यावर सह्या गोळा करत फिरणं म्हणजे वरात गेल्यावर अक्षता वाटणं.

व्हिसा, पैसे, विमा

९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर राष्ट्रीय व्हिसा लागतो. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या अर्जदारांचं काम मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे असतं. पर्यटक व्हिसावर जाऊन तिथे बदलून घेऊ, हा सल्ला कुठल्याही काकांनी दिला तरी ऐकू नका. भारतीय नागरिकाला तसं करता येत नाही. आपल्याकडच्या पदव्यांची पडताळणी करणारं एपीएस प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२२ पासून विद्यार्थी व्हिसासाठी मागितलं जातं. तुमच्या प्रकारच्या एक्स्चेंजला ते लागतं की सूट आहे, हे नॉमिनेशन होताच दूतावासाच्या यादीत बघून घ्या, कारण त्यात आठवडेच्या आठवडे जातात.

पैशांचा पुरावा म्हणून ब्लॉक्ड अकाउंट उघडतात. १ सप्टेंबर २०२४ पासून हिशोब महिन्याला ९९२ युरोचा आहे, वर्षाला ११,९०४. सहा महिन्यांचे ५,९५२ झाले. पैसे तुमचेच, पण तिथे पोचल्यावर दरमहा ठरलेला हप्ताच हातात येतो. त्यामुळे पहिल्या महिन्याचं डिपॉझिट, भाडं, भांडीकुंडी यांसाठी वेगळी रक्कम जवळ ठेवा. शिष्यवृत्ती असेल तर तिचं पत्र पुरावा म्हणून चालतं. बाडेन-व्युर्टेम्बर्ग श्टिपेंडियम नावाची शिष्यवृत्ती या राज्यात येणाऱ्या एक्स्चेंज विद्यार्थ्यांनाही असते, आणि ती तिथल्या विद्यापीठामार्फतच मिळते. त्यांच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारायची लाज बाळगू नका.

आरोग्य विमा नसेल तर विद्यापीठ तुमची नोंदणीच करत नाही. इथून घेतलेला प्रवास विमा पहिल्या दिवसांपुरता ठीक, नोंदणीला बहुधा पुरत नाही. तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्यांना तिथला सरकारी विमा सवलतीत मिळतो. तो घ्या आणि डोक्याचा ताप मिटवा.

पहिले दोन आठवडे

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवायचा. त्यासाठी घरमालकाची किंवा वसतिगृहाची सही असलेलं 'वोनुंग्सगेबर-बेष्टेटिगुंग' लागतं. शब्द आगगाडीएवढा, कागद एकच पानाचा. भाडेकरार दाखवून काम होत नाही. किल्ली घेतानाच हा कागद मागून घ्या. बँक आणि निवास परवाना देणारं परदेशी नागरिकांचं कार्यालय, दोघंही या नोंदणीचाच कागद मागतात.

नोंदणी झाली की काही दिवसांत घरी एक पत्र येईल: सार्वजनिक रेडिओ-टीव्हीची वर्गणी, महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी. नवी मुलं ही फसवणूक समजून पत्र केराच्या टोपलीत टाकतात आणि मग दंडासकट आठवण येते. एका घराला एकच वर्गणी असते, तेव्हा फ्लॅटमध्ये चौघं असाल तर एकाच्या नावावर भरून वाटून घ्या.

आणि व्हिसावरची तारीख बघा. ती तुमच्या शेवटच्या परीक्षेच्या आधी संपत असेल तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची अपॉइंटमेंट पहिल्याच आठवड्यात मागा. परदेशातल्या भारतीयांच्या अडचणींसाठी असलेल्या भारत सरकारच्या 'मदद' पोर्टलवरही विद्यार्थी म्हणून नाव टाकून ठेवा, दहा मिनिटांचं काम आहे.

वर्गात कसं वागायचं

वेळापत्रकात ८ वाजता असं लिहून पुढे 'सी. टी.' असेल तर लेक्चर सव्वाआठला सुरू होतं. 'एस. टी.' असेल तर ठोक्याला. आपल्या एस. टी.चं वेळेशी असलेलं नातं आठवून मी पहिल्या दिवशी हसलो आणि दुसऱ्या दिवशी उशिरा पोचलो.

लेक्चर संपलं की पोरं मुठीनं बाकं वाजवतात. दचकू नका. आपल्या वर्गात बाकं वाजली की सरांची खैर नसते, तिथे ती दाद असते. प्राध्यापकांना 'झी', म्हणजे आपलं तुम्ही. आपसांत 'डू', म्हणजे तू. हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही, इंग्रजीतून आलेल्यांना लागतं. ईमेल विद्यापीठाच्या खात्यावरूनच पाठवा, विषयात कोर्सचं नाव आणि खाली तुमचा मॅट्रिकेल नंबर, म्हणजे तिथला विद्यार्थी क्रमांक. "रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट" ही प्रस्तावना गाळली तरी कुणाचा अपमान होत नाही.

बऱ्याच लेक्चरना हजेरी नसते. सेमिनार आणि लॅबला असते आणि काटेकोर असते. परीक्षा एकच, शेवटी, आणि अनेकदा सगळे गुण तिच्यावरच. नोंदणीची तारीख मोबाइलमध्ये टाका. परीक्षा द्यायची नसेल तर मुदतीत नाव मागे घ्या, नाहीतर गैरहजर म्हणजे ५.० लागतो. आजारी पडलात तर त्याच दिवशी डॉक्टरांचं प्रमाणपत्र.

कॉपी आणि उचलेगिरीबद्दल जरा जास्त सांगतो, कारण इथे आपल्या सवयी महागात पडतात. आपल्याकडे असाइनमेंट फिरतात, फाइली वारशानं येतात, आणि आपण त्याला मदत म्हणतो. तिथे प्रत्येक लेखी कामाच्या शेवटी हे माझं स्वतःचं आहे, वापरलेली साधनं मी नमूद केली आहेत असं लिहून सही करावी लागते. एआयची मदत घेतली असेल तर ती चालते का, हे त्या विषयाच्या प्राध्यापकांना विचारा आणि चालत असेल तर लिहा. सापडलात तर तो विषय नापास होतो, प्रकरण गंभीर असेल तर नोंदणी रद्द होते, आणि आपल्या कॉलेजला पत्र जातं ते वेगळंच. तिथे या गोष्टीची चीड किती आहे? संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सु गुटनबर्ग यांना पीएचडीच्या प्रबंधातल्या उचलेगिरीमुळे मार्च २०११ मध्ये पद सोडावं लागलं. दोन वर्षांनी खुद्द शिक्षणमंत्री आनेट्ट शावान यांची १९८० मधली डॉक्टरेट ड्युसेलडॉर्फ विद्यापीठानं काढून घेतली. ३३ वर्षांनंतर. तुमचा लॅब रिपोर्ट तर गेल्या आठवड्यातला आहे.

घरात आणि गावात

रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. रविवारी दिवसभर. रविवारी ड्रिल मशीन नाही, मोठ्यानं गाणी नाहीत, काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या पेटीत टाकायच्या नाहीत, कारण खळ्ळ आवाज होतो. कचरा चार-पाच डब्यांत वेगळा. प्लास्टिकची रिकामी बाटली फेकू नका, बहुतेक बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते आणि दुकानातल्या यंत्रात टाकली की ती परत मिळते.

स्वाबियात, म्हणजे स्टुटगार्टच्या आसपास, आणखी एक प्रकरण आहे: केरवोखे. केरण्याचा आठवडा. शब्दातच केर आहे, त्यामुळे मराठी माणूस तो विसरणं शक्य नाही. मी राहायचो त्या इमारतीत एका सोमवारी आमच्या दाराच्या मुठीला लाकडी पाटी लटकलेली दिसली. मला वाटलं कुणीतरी शुभेच्छा दिल्या. पाटी म्हणजे या आठवड्यात जिना झाडण्याची आणि पुसण्याची पाळी तुमची. शनिवारी वरच्या मजल्यावरच्या आजी खाली उतरल्या, जिन्याच्या कोपऱ्यातून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. एक शब्द बोलल्या नाहीत. मी पुन्हा बादली भरली. चाळीत वाढलेल्यांना ही नजर ओळखीची वाटेल. काम झालं की पाटी शेजारच्या दारावर अडकवायची, आणि ते अडकवतानाचं सुख काही और आहे.

स्वयंपाकघरात फोडणी देताना खिडकी उघडा. वसतिगृहातला धुराचा अलार्म मोहरी आणि आग यांत फरक करत नाही, आणि निष्काळजीपणामुळे अग्निशमन दलाला यावं लागलं तर बिल तुमच्या नावावर येऊ शकतं.

विनातिकीट सापडलात तर ६० युरो. सिग्नल लाल असताना रस्ता ओलांडलात तर पाच युरो आणि शेजारी लहान मूल उभं असेल तर त्याच्या आईचं लेक्चर फुकट. नोकरी करायची तर वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस, एवढीच मुभा आहे. फ्रीलान्स कामाला वेगळी परवानगी लागते, ती नसताना 'माझा स्टार्टअप आहे' म्हणू नका.

बिअर तिथे सोळाव्या वर्षी कायदेशीर आहे, आणि तिथेच आपल्या मुलांचा तोल जातो. तुम्ही दोन विद्यापीठांचे विद्यार्थी आहात, दोघांचे नियम लागू. जाताना कॉलेजनं ज्या हमीपत्रावर सही घेतलीय ते एकदा वाचा. मधूनच परत बोलावण्याचा अधिकार त्यात बहुधा लिहिलेला असतो. हायडेलबर्ग विद्यापीठात १९१४ पर्यंत विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र कोठडी होती. रात्रीचा दंगा, दारू, पोलिसांशी हुज्जत अशा गुन्ह्यांसाठी पोरांना तिथे डांबायचे आणि लेक्चरला मात्र सोडायचे. त्यांनी भिंती चित्रांनी आणि स्वतःच्या नावांनी भरवून टाकल्यात. आता ते तिकीट काढून बघायचं संग्रहालय आहे, वेळ काढून जाच.

उलट बाजूही सांगतो. तुमच्याशी कुणी गैर वागलं, छळ झाला, भेदभाव झाला, तर गप्प बसू नका. तिथल्या प्रत्येक विद्यापीठात समानता अधिकारी असतात, इंटरनॅशनल ऑफिस असतं, आणि आपल्या कॉलेजची अंतर्गत तक्रार समितीही तुमचीच असते. पोलीस ११०, अग्निशमन आणि रुग्णवाहिका ११२.

परत निघताना

विमानाच्या तिकिटाइतकीच महत्त्वाची गोष्ट 'आबमेल्डुंग': नोंदवलेलं नाव काढणं. घर सोडण्याच्या आधीच्या एका आठवड्यापासून नंतरच्या दोन आठवड्यांपर्यंत नगरपालिकेत पत्ता रद्द करायचा. त्याचा कागद दाखवून रेडिओची वर्गणी, विमा आणि मोबाइलचा करार बंद होतो. बँक खातं लगेच बंद करू नका, खोलीचं डिपॉझिट महिन्या-दोन महिन्यांनी त्यातच जमा होतं.

गुणपत्रक, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट ऑफ रेकॉर्ड्स, तुम्ही असेपर्यंत तयार होत नाही, कारण पेपर तपासायला वेळ लागतो. ते थेट आपल्या कॉलेजच्या इंटरनॅशनल सेलला पाठवावं असा अर्ज निघण्यापूर्वी देऊन या. इथे आल्यावर लर्निंग ॲग्रीमेंटची शेवटची प्रत, ट्रान्सक्रिप्ट आणि विभागाचं ते पत्र असा गठ्ठा परीक्षा विभागात द्या आणि पोचपावती घ्या. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात क्रेडिट दिसेपर्यंत दर पंधरवड्याला चक्कर मारा. माझे दिसायला सात चकरा लागल्या. सातव्या वेळी खिडकीवरच्या मॅडमनी विचारलं, तिकडे काय शिकलास? मी खिशातून सहाव्या वेळची शिक्का मारलेली पोचपावती काढून काउंटरवर ठेवली.